विहिरीचं खारं पाणी समुद्री माशांना चालेल का?

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मुलीला क्लाउनफिश पाळायचे आहेत. पाणी मुळातच खारं आहे, तर त्यात थोडं मीठ वाढवून भागेल का? की ते आधी शुद्ध करावं लागेल? घरचा आरओ चालेल का?
– एक वाचक, सणसर (ता. इंदापूर)

उत्तर : मीठ वाढवून भागणार नाही. विहिरीचा खारेपणा आधी पूर्ण काढून टाकायचा आणि मग कोऱ्या पाण्यात समुद्राचं मीठ घालायचं. उलटा वाटला तरी हाच रस्ता आहे.

हिशेब बघा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तुमच्या पाण्याचा टीडीएस 1,500 असेल, तर त्यात लिटरला दीड ग्रॅम. म्हणजे 100 लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ लागणार, त्यातलं विहीर देणार जेमतेम दीडशे ग्रॅम, आणि तेही भलत्याच जातीचं. समुद्रात सगळ्यात जास्त सोडियम आणि क्लोराइड. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट, पोटॅशियम जवळपास कॅल्शियमइतकं. आपल्या काळ्या रानातल्या विहिरीत हे प्रमाण पार वेगळं असतं. पोटॅशियम तर चिकणमातीच धरून ठेवते. हरियाणातल्या खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवताना नेमकी हीच अडचण आली आणि तिथे पाण्यात वेगळं पोटॅश घालावं लागलं. जिभेला दोन्ही पाणी खारंच लागतं, पण जिवांना फरक कळतो.

तुमच्या भागातल्या खारेपणाची गोष्ट जुनी आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, निचरा मात्र झाला नाही आणि जमिनीतले क्षार वर आले. नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 मध्येच शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. क्षारपड आणि चोपण हे शब्द तुमच्या घरात रोजचेच असतील.

मिठापेक्षाही मला काळजी आहे ती पाण्यातल्या इतर गोष्टींची. उसाला टाकलेल्या युरियाचं आणि गोठ्याच्या सांडपाण्याचं नायट्रेट विहिरीत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं; प्रवाळांच्या टाकीत तेवढ्यावर शेवाळ माजेल. द्राक्ष-डाळिंबावर मोरचूद फवारत असाल तर तांब्याकडे लक्ष द्या. माशांना सोसेल एवढं तांबंही कोळंबी, शंख आणि प्रवाळ मारून टाकतं. आपल्या काळ्या पाषाणातून पाण्यात सिलिका येते. टाकीच्या काचेवर तपकिरी साय धरते ती तिच्यावरच पोसते.

आता घरचा आरओ. चालेल, पण आहे तसा नाही. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, ती मेकॅनिककडून पूर्ण बंद करून घ्या. मिनरल कार्ट्रिज असेल तर काढायला सांगा. ग्रामपंचायत किंवा तुम्ही विहिरीत टीसीएल टाकत असाल, तर मेंब्रेनच्या आधी चांगला कार्बन फिल्टर हवाच, कारण क्लोरीन मेंब्रेन खातं. मेंब्रेन 95 टक्के क्षार अडवतं असं धरलं तरी 1,500 चे 75 उरतातच. ते काढायला पुढे डीआय (म्हणजे उरलेसुरले आयन शोषून घेणाऱ्या) रेझिनची नळी जोडायची. तिच्यातून बाहेर पडताना मीटरने शून्य दाखवलं पाहिजे.

इथे एक बारकावा विहिरीच्या पाण्याचाच आहे. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, तो मेंब्रेनमधून सरळ पार होतो आणि रेझिन बघता बघता संपवतो. आरओचं पाणी ड्रममध्ये घेऊन रात्रभर एअर पंप चालवा आणि मग छोट्या पंपाने ते डीआयमधून सोडा. रेझिन कितीतरी जास्त दिवस टिकेल. मीटरवर डोळे झाकून विसंबू नका; सिलिका त्याला दिसत नाही आणि रेझिन थकलं की सगळ्यात आधी तीच निसटते. शून्याचा एक झाला की रेझिन बदला. डीआयनंतर पितळी नळ किंवा जोड नको, कोरं पाणी त्यातलं तांबं ओढून घेतं.

तुरटी आणि उकळणं या दोन्ही गोष्टी विसरा. तुरटीने गढूळपणा बसतो, क्षार नाही. उकळून तर पाणी आटतं आणि बरेचसे क्षार उलट दाट होतात.

मीठ घ्यायचं ते मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, स्वयंपाकघरातलं नव्हे. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पंप लावून एक दिवस फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 आलं की टाकीत घाला. बारामती-इंदापूरच्या उन्हाळ्यात टाकी भराभर आटेल. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागे राहतं. म्हणून तूट भरायची ती बिनमिठाच्या कोऱ्या पाण्याने.

एक विनंती. आरओचं वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट असतं. ते संडासात, फरशी पुसायला वापरा, झाडांना घालू नका. टाकीतून काढलेल्या 20 लिटर पाण्यात 700 ग्रॅम मीठ असतं. ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात वाळवा आणि उरलेलं मीठ पिशवीत बांधून रानापासून लांब ठेवा. तुमच्या जमिनीत आधीच पुरेसं मीठ आहे.