‘ळ’चा तास

प्रश्न : दोह्यात दर शुक्रवारी आम्ही दोघी-तिघी मिळून मुलांचा मराठीचा वर्ग घेतो. मुलं बारा, वयं सहा ते तेरा. दहाव्या मिनिटाला निम्म्यांचं लक्ष उडतं. पाठाला ठरावीक साचा असावा, असं एकीचं म्हणणं. त्याने तास रंगेल की आणखी रूक्ष होईल?
— एक वाचक, दोहा

उत्तर : रंगेल, पण साच्यातल्या पायऱ्यांचा क्रम जपला तर. आपल्याकडे डी.एड., बी.एड.च्या कित्येक पिढ्यांनी पाठ टाचणं काढली ती हर्बार्ट या शिक्षणतज्ज्ञाच्या पंचपदीवर, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांवर. हर्बार्टच्या मूळ पायऱ्या चार. पाच केल्या त्याच्या शिष्यांनी. त्या पद्धतीत शिक्षक आधी मांडतो, मुलं ऐकतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी विज्ञानासाठी वेगळ्या पाच पायऱ्या लावल्या : कुतूहल, शोध, उलगडा, विस्तार, मूल्यमापन. शिक्षकाचं समजावणं इथे तिसरं येतं. भाषेच्या वर्गालाही मला हाच क्रम पटतो.

‘ळ’चंच बघा. हिंदी-इंग्रजीत वाढलेली मुलं सर्रास ‘केली खाल्ली’ म्हणतात. फळ्यावर ‘ळ’ काढू नका. कापडी पिशवीत केळं, नारळ, गुळाचा खडा, डाळीची आणि तिळाची पुडी घाला. मुलाने न बघता हात घालायचा, चाचपायचं आणि नाव सांगायचं. हे झालं कुतूहल.

मग ‘वेळ-वेल’, ‘मूळ-मूल’, ‘काळ-काल’ अशा चिठ्ठ्या द्या. मोठ्याने म्हणताना जीभ कुठे टेकते, ते मुलांनीच आपापसांत शोधायचं. नंतर विचारा, ‘ळ’ने सुरू होणारा शब्द सांगा. मुलं डोकं खाजवतील, चुळबुळ करतील, आणि कुणीतरी ओरडेल, ‘नाहीच आहे!’ खरंच नाही. मराठीत ‘ळ’ शब्दाच्या मध्ये येतो किंवा शेवटी, सुरुवातीला कधीच नाही. या शोधाला दहा मिनिटं लागली तर लागू द्या. घाईने उत्तर सांगून टाकलंत की तास तिथेच बसला.

आता उलगडा : जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं. दोह्यात एक मदत तुम्हाला आयतीच आहे. मुलांच्या शाळेतल्या मल्याळी मैत्रिणीला तिच्या भाषेचं नाव म्हणायला सांगा. ‘मलयाळम’ म्हणताना तिची जीभ नेमकी तिथेच जाते.

विस्तारासाठी आजीला फोन. दोह्यात दुपारचे चार म्हणजे भारतात साडेसहा, आजी घरात असतेच. तिच्या स्वयंपाकघरातले ‘ळ’चे पाच शब्द विचारून आणायचे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. सहा आणि तेरा वर्षांची मुलं एका ओळीत बसवू नका, आणि वयानेही वेगळी काढू नका. ‘प्रथम’ या शैक्षणिक संस्थेचे माधव चव्हाण यांना २०१२ साली तुमच्याच शहरात शिक्षणासाठीचा वाइज पुरस्कार मिळाला. त्यांच्या संस्थेची साधी पद्धत अशी : मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं की गोष्ट, हे काही मिनिटांत पाहायचं आणि त्याप्रमाणे गट करायचे. तेरा वर्षांचा मुलगा अक्षरांच्या गटात निघाला तर त्याला आधी एकट्याला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको.

मूल्यमापनाला शेवटची पाच मिनिटं राखा. एकाने ‘वेळ’ किंवा ‘वेल’ म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून लिहायचं. चुकलं तर तुम्ही बोलू नका. म्हणणारा पुन्हा म्हणेल.