ढिगाऱ्यावरची हिरवळ

प्रश्न : माझं माहेर चंद्रपूरचं. तिथल्या जुन्या ओपनकास्ट कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आता झाडं दिसतात. पर्यावरणाच्या अटी खरंच पाळल्यात, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, झाडं नंतर बघा. आधी भर पावसात पायथ्याच्या ओहोळाशी जा, कुंपणाबाहेरूनच. पाणी गढूळ असेल तर उतार अजून धरलेला नाही. तळाशी तांबूस, गंजासारखा थर असेल तर आम्लयुक्त पाणी झिरपत असावं. ते जास्त गंभीर. तपासणीत आम्ही मूठभर माती उकरतो. गांडूळ, बारीक मुळं सापडली तर सुपीक थर परत पसरलाय. नुसते दगड लागले तर हिरवळ वरवरची. एकट्या सुबाभळीला मी जंगल म्हणत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटी ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधा; त्यांच्या पूर्ततेचा अहवाल सहामाही, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो.