कुत्र्याच्या पिलांचे दुबळे मागील पाय : कारणे आणि शुश्रूषा

मळ्याची राखण, मेंढवाड्यावरील रात्रीचा पहारा आणि घराचा उंबरठा ही तिन्ही कामे कुत्रा निमूटपणे करीत असतो; परंतु त्याच्या बाल्यावस्थेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कुत्री कडब्याच्या गंजीआड किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात विते, पिले हिंडू-फिरू लागली म्हणजे त्यांतील धट्टीकट्टी निवडून घेतली जातात आणि बाकीची नशिबावर सोडली जातात. अशा वितात कधी कधी एखादे पिलू असे निघते की, भावंडे धावू लागली तरी ते पोटावरच सरपटत राहते. त्याचे मागील पाय दोन्ही बाजूंस फाकलेले असतात व पुढील पायांनी ते अंग ओढीत नेते. त्यास ‘पांगळे’ म्हणून गावाबाहेर सोडण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ही रीत निष्ठुर आहेच, पण पुष्कळदा ती अनावश्यकही असते. पायांच्या दुबळेपणाची काही कारणे अशी आहेत की, वेळेवर शुश्रूषा केल्यास ते पिलू दोन-तीन आठवड्यांत भावंडांबरोबर चालू लागते. काही कारणे अशी आहेत की, त्यांत पशुवैद्यकाचा उपचार लागतो. आणि थोडी अशीही आहेत की, तेथे उपाय चालत नाही. यांतील भेद ओळखणे हे पहिले काम होय.

पिलाने केव्हा चालावे, हे ठाऊक नसल्यास विनाकारण चिंता तरी उत्पन्न होते किंवा मोलाचा वेळ तरी वाया जातो. जन्मतः पिलू आंधळे व बहिरे असते आणि केवळ सरपटते. साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्याचे पुढील पाय अंगाचा भार पेलू लागतात. मागील पाय त्यानंतर, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात भार घेऊ लागतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पिलू डुलत डुलत का होईना, चार पायांवर चालते. म्हणून दहा दिवसांच्या पिलाचे मागील पाय लुळे वाटले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु तीन आठवडे पूर्ण झाल्यावरही जे पिलू मागील पायांवर उभे राहत नाही, त्याकडे त्याच दिवशी लक्ष दिले पाहिजे. वितातील इतर पिले हीच येथे उत्तम फूटपट्टी होय.

ग्रामसेवकाने अशा पिलाजवळ गेल्यावर मालकास प्रथम एक प्रश्न विचारावा : हे पिलू पूर्वी कधी नीट चालत होते काय? जे कधीच चालले नाही आणि जे चालता चालता बसले, त्यांचे मार्ग येथेच वेगळे होतात. पाठोपाठ हेही विचारावे की, एकाच पिलास हा त्रास आहे की अनेकांस. पिलास काय खाऊ घालतात. आणि बैलाचा पाय पडणे, ओट्यावरून कोसळणे किंवा वाहनाचा धक्का लागणे असे काही घडले काय. त्यानंतर पिलाच्या मागील पायाचे बोट चिमटीत हळू दाबून पाहावे. येथे एक चूक वारंवार होते. पिलाने पाय मागे ओढला म्हणजे त्यास संवेदना आहे, असे समजले जाते. परंतु पाय ओढणे ही मज्जारज्जूची आपोआप घडणारी क्रिया असू शकते. पिलाने मान वळवून पाहिले किंवा ते केकाटले, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे धरावे. ज्या पिलास ही वेदना मुळीच कळत नाही, त्याच्यावर घरगुती उपाय करीत न बसता त्यास लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पडण्याने किंवा चिरडण्याने पाठीस इजा झाली असल्यास पिलू फळीवर ठेवून न्यावे. काखोटीस मारून नेऊ नये.

जे पिलू कधीच उभे राहिले नाही, ज्यास ताप नाही, जे चांगले दूध पिते आणि ज्याचे पाय बेडकाप्रमाणे बाजूंस पसरलेले आहेत, ते बहुधा ‘पोहणारे पिलू’ असते. पोहताना मारावेत तसे हातपाय ते जमिनीवर मारते, म्हणून पशुवैद्यकांत हे नाव रूढ आहे. अशा पिलांत पुष्कळदा वितातील सर्वांत लठ्ठ पिलू, किंवा एकच पिलू झाले असल्यास ते एकुलते एक पिलू आढळते. भरपूर दुधामुळे अंग जड होते, स्नायू मात्र अद्याप कोवळे असतात. त्यातच खाली शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा किंवा प्लॅस्टिकचा कागद असला म्हणजे पाय रोवण्यास आधार मिळत नाही व ते निसटून फाकतात. काही वंशांत हा दोष अधिक दिसतो, त्यामुळे आनुवंशिकतेचाही त्यात भाग असावा असे मानले जाते. सतत पोटावर पडून राहिल्याने पिलाची छाती चपटी होते. ही गोष्ट पायांहूनही गंभीर आहे. कारण चपट्या छातीमुळे श्वास अपुरा पडतो आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. यास्तव शुश्रूषा जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाडे व सांधे लवचिक असतात व वळण लवकर घेतात. पुढे ते काम कठीण होत जाते.

पहिला उपाय पैशाविना होण्यासारखा आहे व तो म्हणजे जमीन बदलणे. पिलाच्या जागी गोणपाट दुहेरी अंथरून त्याच्या कडा विटांखाली दाबाव्यात, म्हणजे ते सरकत नाही. जुनी गोधडी चालते, परंतु ती ओली होताच बदलली पाहिजे. पोटावर पडून राहणाऱ्या पिलाच्या पोटाची व मांड्यांची कातडी लघवीने सोलवटते. म्हणून ती दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी. झोपलेले पिलू पोटावर आढळल्यास त्यास कुशीवर निजवावे व पाठीशी कापडाची गुंडाळी लावावी. दर वेळी कूस बदलावी. छातीचा आकार सुधारण्यास याचा फार उपयोग होतो.

दुसरा उपाय म्हणजे दोन्ही मागील पायांस सैल बंध घालून ते योग्य अंतरावर राखणे. त्याकरिता औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी घ्यावी. प्रथम दोन्ही पायांवर, मागे वाकणाऱ्या सांध्याच्या खाली व पंजाच्या वर, मऊ कापसाचा एक वेढा द्यावा. नंतर पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावी व दोन पायांमधील भाग एकमेकांस चिकटवून टाकावा. दोन पायांमधील अंतर पिलाच्या कमरेच्या रुंदीइतके असावे. पाय एकमेकांस जोडून बांधले तर पिलू कोलमडते आणि अंतर अधिक ठेवले तर बंधाचा उपयोग होत नाही. बंध इतका सैल हवा की, त्याखालून काडी सहज सरकावी. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी पंजे पाहावेत. पंजा सुजला, गार पडला किंवा पिलू पट्टीला सारखे चावू लागले, तर बंध तत्काळ काढावा. पिलाची वाढ या वयात इतकी झपाट्याने होते की, सोमवारी सैल असलेला बंध गुरुवारी आवळतो. म्हणून तो दोन-तीन दिवसांनी नव्याने घालणे आवश्यक आहे. शक्य असल्यास पहिला बंध पशुवैद्यकाकडून घालवून घ्यावा व तो पाहून पुढील घालावे. सुतळी, दोरा किंवा रबरी कडे यांचा वापर कधीही करू नये. त्यामुळे पाय कायमचा जाण्याचा संभव असतो.

बंधाने पाय जागेवर राहतात. पण त्यांत बळ येते ते हालचालीनेच. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे, पिलास मांडीवर घेऊन त्याचे मागील पाय एकेक करून हलक्या हाताने वाकवावेत व सरळ करावेत. पायगाडी चालविताना पाय फिरतात तशी ही गती असावी. पंजाकडून मांडीकडे बोटांनी चोळावे. जुन्या मऊ दातघासणीने तळपायाच्या गादीस गुदगुल्या केल्यास पिलू पंजा आखडते व पसरते. हाही एक व्यायामच आहे. तेलाने चोळण्यास हरकत नाही, परंतु गुण चोळण्याचा आहे, तेलाचा नव्हे; कुत्री पिलास चाटून ते पोटात घेते, म्हणून खाण्याचे साधे तेल थेंबभरच घ्यावे.

यानंतर उभे करण्याचा सराव. जुन्या लुगड्याचा चार बोटे रुंद पट्टा पिलाच्या पोटाखालून, मागील पायांच्या पुढे घालावा व दोन्ही टोके वर धरून पिलाचा थोडाच भार उचलावा. चारही पंजे गोणपाटावर टेकले पाहिजेत. पिलू पुढे सरकू लागले की पट्टा हळूहळू ढिला करावा. याच कामी विटांची एक गल्लीही करता येते : दोन्ही बाजूंस विटा रचून मध्ये पिलाच्या अंगाहून दोन बोटे अधिक जागा सोडावी, खाली गोणपाट घालावे आणि दुसऱ्या टोकाशी कुत्रीस बसवावे. पाय बाजूंस फाकण्यास जागाच नसल्यामुळे पिलू आईच्या ओढीने ते पोटाखाली घेऊन चालते. औषधापेक्षा आईचे दूध येथे अधिक काम करते. चार आठवड्यांवरील पिलास घमेल्यात छातीइतक्या कोमट पाण्यात हाताच्या आधाराने दोन-तीन मिनिटे उभे केल्यास पाण्यामुळे भार हलका होऊन पाय मोकळे हलतात. मात्र त्यानंतर अंग पूर्ण कोरडे करावे व पिलास एकटे सोडून उठू नये. लठ्ठ पिलास आईजवळ अखंड न ठेवता, दोन पाजण्यांच्या मध्ये काही वेळ वेगळे ठेवून व्यायाम द्यावा. उपाशी मात्र ठेवू नये.

आठवडाभरात काहीच फरक दिसला नाही, श्वास धापेचा झाला किंवा पिलू दूध सोडू लागले, तर पुन्हा दवाखान्यात दाखवावे.

आता दुसऱ्या वर्गाची पिले पाहू. यांची पहिली चाल चांगली असते; दूध तुटून भाकरीवर आली की दोन-तीन महिन्यांच्या सुमारास ती बसू लागतात, उचलताच केकाटतात आणि पाय कमानीसारखे वाकतात. बहुधा हा आहारातील चुन्याच्या कमतरतेचा परिणाम असतो. ज्वारी व बाजरी या दोन्हींत चुन्यापेक्षा स्फुरद कित्येक पटींनी अधिक असते. मांसावर वाढणारे पिलू चांगले पोसते, ही समजूत तर अगदीच फसवी आहे. निव्वळ मांसात स्फुरद चुन्याच्या पंधरा-वीस पट असते. वाढत्या पिलाच्या आहारात चुना स्फुरदाहून किंचित अधिक हवा. तो पुरेसा न मिळाल्यास शरीर हाडांतील चुना काढून रक्तात घेते आणि हाडे इतकी विरतात की, उडी मारतानाही मोडतात. दूध, शिजविलेले अंडे, डाळ, उकडून काटे काढलेली मासळी यांची जोड भाकरीस द्यावी. धान्यांत नाचणीचा अपवाद आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, म्हणून कोकणात व मावळात नाचणीची पातळ आंबील दुधात मिसळून देणे सोपे आहे. गायीचे दूध कुत्रीच्या दुधाहून पातळ असते. त्यात आणखी पाणी घालू नये, आणि जुलाब होऊ लागल्यास ते कमी करावे. चुन्याचे औषध पशुवैद्यकाने ठरविलेल्या प्रमाणातच द्यावे, कारण मोठ्या हाडापेराच्या पिलांत त्याचा अतिरेकही हाडे बिघडवितो. मुलांचा मुडदूस उन्हाने सुधारतो म्हणून पिलासही उन्हात बांधण्याची प्रथा आहे; परंतु कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते अंड्याचा बलक, मासळी व यकृत यांतूनच मिळाले पाहिजे.

हिरड्या पांढुरक्या, पोट नगाऱ्यासारखे व अंग रोडके असेल, तर दुबळेपणा पायांचा नसून जंतांचा व रक्तक्षयाचा समजावा. गोल जंत गर्भातच व आकडी जंत आईच्या दुधातून पिलास मिळतात. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात जंताचे औषध द्यावे व कुत्रीसही त्याच वेळी द्यावे. हे गोल जंत लहान मुलांसही बाधतात. पिलांची विष्ठा पुरावी.

एका वितातील दोन-तीन पिलांचे मागील पाय काठीसारखे ताठ होऊन वाकेनासे झाले, तर गुरे पाळणाऱ्याने विशेष सावध व्हावे. निओस्पोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा हा रोग असू शकतो. नॉर्वेतील कुत्र्यांच्या पिलांत तो १९८४ साली प्रथम ओळखला गेला, १९८८ साली त्यास नाव मिळाले आणि कुत्र्याच्या विष्ठेतून त्याचा प्रसार होतो हे १९९८ साली सिद्ध झाले. हाच परजीवी गायी-म्हशींत गर्भपात घडवितो. गाय व्याली की वार उकिरड्यावर टाकली जाते व कुत्री ती खातात. कुत्र्याची विष्ठा वैरणीत पडते व गुरे ती खातात. वार व गाभडलेला गर्भ खोल खड्ड्यात पुरणे, कुत्र्यास कच्चे मांस न घालणे आणि वैरणीच्या गंजीवर कुत्र्यास बसू न देणे, एवढ्याने हे चक्र तुटू शकते. अशा पिलांना औषध अगदी आरंभी दिले तर काही गुण येतो. ताठलेला पाय क्वचितच पूर्ववत होतो. बाधित कुत्री पुढील वितातही हा रोग देऊ शकते, म्हणून तिच्यापासून वीण घेऊ नये.

ताप, डोळ्यांत चिपडे व नाकातून स्राव होऊन नंतर पायांस झटके येऊ लागले, तर तो डिस्टेंपर असण्याचा संभव असतो. त्यावर नेमके औषध नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी. चालते पिलू एकाएकी मागून लुळे पडले, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली किंवा त्यास पूर्वी कुत्रे चावले असेल, तर त्यास हात लावू नये, तोंडात बोट घालून ‘हाड अडकले काय’ हे पाहू नये. ती रेबीजची लक्षणे असू शकतात. चावा, ओरखडा अथवा लाळेचा संपर्क झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. रेबीजची लस कुत्र्यास तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी.

दुबळ्या पायांस बिब्बा लावणे किंवा तापल्या सळईचे डाग देणे या प्रकारांनी कातडी जळते व पिलू पाय टेकण्यास अधिकच भिते. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्यांनी पिलाच्या जठरास व मूत्रपिंडास इजा होऊन ते दगावते. अर्धी गोळीही देऊ नये.

बंध घातलेले पिलू चारही पायांवर आपणहून उठून दहा-बारा पावले न फाकता चालू लागले म्हणजे बंध दिवसा काही तास काढून पाहावा. दोन दिवस चाल टिकली तर तो कायमचा काढावा. गोणपाट मात्र आणखी पंधरवडाभर राहू द्यावे, आणि पिलू नव्या घरी द्यावयाचे असल्यास तेथील फरशीविषयी घेणाऱ्यास आधीच सांगून ठेवावे.