धंद्याचा धडा: मशीन घेण्याआधी रोजची ३१ पाकिटं मोजा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, हातात वेळ आणि गटाची बचत पेटीत. नेमकं तेव्हाच "व्हेंडिंग मशीन घ्या, घरबसल्या कमवा" असे मेसेज फिरतात. आपली सुकट, सोडे, मसाला मशीनमधून विकायची कल्पना वाईट नाही. पण पैसे गटाचे आहेत. ॲडव्हान्स देण्याआधी हा धडा पुरता वाचा.

*१. मशीनला काय जमतं, काय नाही*
स्टेशनवरचं वजनाचं मशीन आठवा. नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि कार्ड पडायचं. त्याचा माल म्हणजे कार्ड, ते सडत नव्हतं. आपला माल दमट होतो, वास सोडतो, तुटतो.
बाजारात आपण वाटा लावतो, भाव करतो, गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर वर मूठभर घालतो. मशीनला यातलं काही येत नाही. त्याला एकाच मापाचं पाकीट, ठरलेलं वजन आणि छापील किंमत लागते.

*२. कोणता माल ठेवायचा*
साध्या मशीनमध्ये तारेचं वेटोळं फिरतं आणि पाकीट वरून खाली पडतं. म्हणून:
• सुके बोंबील अख्खे ठेवू नका, पडून तुकडे होतात. कापून पॅक करा.
• सोडे, सुकट, सुकटीची चटणी, कोळी मसाला चालेल.
• काचेची बरणी नको. जाड, हवाबंद पाऊच घ्या.
• माल कडक वाळल्याशिवाय पॅक करू नका. आत ओल राहिली तर एसीतल्या मशीनमध्येही बुरशी धरते.
• भरताना जुनं पाकीट पुढे, नवं मागे.
जपानमध्ये मशीनमधून भाजलेला उडणारा मासा घातलेल्या रश्श्याच्या बाटल्या विकतात. तिथेही माल टिकाऊ आणि बंद बाटलीत आहे, ताजी मासळी नाही.

*३. जागा कोळीवाड्यात नको*
ज्याच्या घरात सुकट आहे तो मशीनमधून सुकट घेणार नाही. शिवाय खाऱ्या वाऱ्याने नाण्याची खाच आणि सर्किट गंजतं. गिऱ्हाईक आहे डॉ. ॲनी बेझंट मार्गावरच्या ऑफिसांत, मोठ्या सोसायट्यांत, हॉस्पिटलच्या आवारात. भुयारी मेट्रोचं वरळी स्टेशनही २०२५ पासून सुरू आहे. पण अशा प्रत्येक जागेला मालकाची लेखी परवानगी आणि भाडं लागतं. फुटपाथवर मनाने मशीन उभं करू नका.
करारात लिहून घ्या: वीजबिल कोण भरणार, किती दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडायची, सुट्टीच्या दिवशी माल भरायला आत सोडतील का.

*४. हिशोब (आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही घाला)*
महिन्याचा खर्च: भाडं ४,०००, वीज १,५००, सिमकार्ड आणि पेमेंट ५००, माल भरायचा प्रवास २,०००. एकूण ८,००० रुपये.
पाकीट ६० रुपयांना विकलं, माल आणि पॅकिंगला ४२ गेले, तर उरले १८.
८,००० भागिले १८ म्हणजे महिन्याला ४४५ पाकिटं. ऑफिस २२ दिवस चालतं, म्हणजे रोज २१. एवढं विकलं तर फक्त खर्च निघतो.
मशीन दीड लाखाचं असेल आणि ते पैसे ३ वर्षांत फेडायचे, तर महिन्याला आणखी ४,१६७ लागतात. मग *रोज ३१ पाकिटं* विकायला हवीत. ताईंची मजुरी यात अजून धरलेलीच नाही. मशीन घरबसल्या चालत नाही. माल भरणं, पुसणं, अडकलेलं पाकीट काढणं हे कुणाला तरी करावंच लागतं.

*५. आधी टेबल लावा*
ज्या इमारतीत मशीन ठेवायचंय तिथेच परवानगी काढून १५ दिवस टेबल लावा. तीच पाकिटं, तीच किंमत, भाव करायचा नाही. रोजची विक्री वहीत लिहा. टेबलावर बोलणारी ताई असूनही ३१ जात नसतील, तर मुकं मशीन कुठून विकणार?

*६. कागदपत्रं*
अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना (एफएसएसएआय) काढा, नंबर पाकिटावर आणि मशीनवर लावा. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते आणि पत्ता हवा. पॅकिंग करणाऱ्याची वैध मापन शास्त्र विभागाकडे नोंदणी लागते.

*७. विकणाऱ्याला हे विचारा*
• मुंबईत दुरुस्तीला कोण येणार, किती तासांत?
• यूपीआयने पैसे गेले आणि पाकीट अडकलं, तर पैसे आपोआप परत जातात का?
• सध्या चालू असलेली दोन मशीनं दाखवा. ती बघायला साध्या कामाच्या दिवशी दुपारी जा. तासभर थांबा, किती जण घेतात ते मोजा.
उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. "आजच बुक करा, उद्या भाव वाढेल" म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.

टेबलाच्या १५ दिवसांची वही झाली की तिचा फोटो या नंबरवर पाठवा. हिशोब मिळून बघू, मगच मशीनचं ठरवू.

– आपली कंपनी, सल्ला विभाग