हवाई बेटांनी टीव्ही कसा बदलला?



आमच्या घरी पूर्वी पत्र्यावर बांबूला बांधलेली अँटेना होती. वारा सुटला की ती फिरायची आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या. मग दादा वर चढायचा. आजी खालून ओरडायची, "आरं, जरा डोंगराकडं फिरव की!" मी दारात उभी राहून "आलं, आलं... गेलं!" असं सांगायचे.

एक दिवस मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. दादाने बांबू चारी दिशांना फिरवला. आजीला वाटलं टीव्ही बिघडला. पण तो बिघडला नव्हता. अँटेनावरचे जुने प्रसारण बंद झाले होते. आमच्या घरात कुणालाच ते आधी कळले नव्हते. पुढे मामाने छत्री बसवून दिली. तोवर दोन महिने आजी बातम्यांवाचून राहिली.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बटण बंद करायला एक क्षण लागतो. त्याच्या आधीचं काम मोठं असतं." मग त्यांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि हवाई बेटांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

जुने प्रसारण आणि नवे प्रसारण

जुन्या प्रसारणाला अॅनालॉग म्हणतात. त्यात चित्र जसे बदलते तशी लहर बदलते. लहर वाटेत क्षीण झाली की मुंग्या येतात, पण थोडेतरी दिसते. नव्या प्रसारणाला डिजिटल म्हणतात. त्यात चित्राचे ० आणि १ असे आकडे करून पाठवतात. आकडे नीट पोचले तर चित्र एकदम स्वच्छ. नाही पोचले तर चित्र अडकते, नाहीतर दिसतच नाही.

डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत जास्त कार्यक्रम मावतात. म्हणून अनेक देशांनी हा बदल केला. आपल्या भारतातही बहुतेक ठिकाणचे अँटेनावरचे जुने प्रसारण २०२२ पर्यंत बंद झाले. पण जुन्या टीव्हीला हे आकडे वाचता येत नाहीत. त्याला आकडे वाचून देणारा एक डबा जोडावा लागतो.

डोंगर आणि पक्षी

हवाई हे अमेरिकेचे एक राज्य आहे. ते पॅसिफिक महासागरात आहे. त्यात आठ मोठी बेटे आहेत. बेटांवर उंच डोंगर आहेत आणि डोंगर लहरी अडवतात. म्हणून टीव्हीचे मनोरे उंच जागी बांधतात. मावी नावाच्या बेटावर हालेआकाला हा ज्वालामुखी आहे. त्याची उंची ३,०५५ मीटर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे तो जवळजवळ दुप्पट उंच झाला! त्याच्या माथ्याजवळ टीव्हीचे जुने मनोरे होते.

त्याच डोंगरावर उआऊ नावाचा समुद्रपक्षी घरटे करतो. तो जमिनीतल्या बिळात राहतो आणि वर्षाला एकच अंडे घालतो. तो रात्रीच्या अंधारात बिळाकडे येतो. हे पक्षी आता थोडे उरले आहेत.

अमेरिकेने सगळ्या देशात जुने प्रसारण बंद करायला १७ फेब्रुवारी २००९ ही तारीख ठरवली होती. पण त्याच सुमारास हे पक्षी घरट्यांकडे परततात. तेव्हा मनोरे पाडायचे काम केले तर त्यांना त्रास झाला असता. म्हणून हवाईने १५ जानेवारी २००९ ही तारीख घेतली. मी बोटांवर मोजले, ३३ दिवस आधी! त्या दिवशी दुपारी १२ वाजता जुने प्रसारण बंद झाले. अडलेल्या लोकांसाठी फोनवर मदत ठेवली होती.

पुढे लोकांची तयारी नाही म्हणून बाकीच्या देशाची तारीख १२ जून २००९ पर्यंत लांबवली. माणसांची तारीख लांबवता येते. पक्ष्यांना "जूनमध्ये या" असं कोण सांगणार?

डब्यांचे काय झाले?

डबा घ्यायला अमेरिकेच्या सरकारने दर घराला ४० डॉलरची दोन कुपने देऊ केली. कुपन ९० दिवसांत वापरायचे होते. पण जानेवारी २००९ च्या सुरुवातीलाच त्याचे पैसे संपले. मग मागणी करणाऱ्यांची नावे प्रतीक्षा यादीत गेली. म्हणजे योजना चांगली असूनही हिशोब कमी पडला.

आमच्या वर्गाचे बेट

मग गुरुजींनी फळ्यावर एक मनातले बेट काढले. त्यावर ४० घरे. २८ घरांत डबा जोडला आहे. तर प्रसारण कधी बंद करावे? माझ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, ४० पैकी २८ म्हंजे निम्म्याहून जास्त झाली. करा बंद!"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "उरलेल्या १२ घरांत आमची आजी असली तर?"

मग आम्ही १२ घरांच्या तीन याद्या केल्या. ज्यांना माहीतच नाही ती ५ घरे. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ती ४ घरे. ज्यांचा डबा आला पण जोडता येत नाही ती ३ घरे. पहिल्यांना सांगायचे, दुसऱ्यांना मदत करायची, तिसऱ्यांकडे माणूस पाठवायचा. बोट आठवड्यातून दोनदाच येते आणि समुद्र खवळला तर येतच नाही. म्हणून डबे महिनाभर आधी मागवायचे. बटण सगळ्यात शेवटी. आता बाकावरचा मुलगाही "बरोबर हाय" म्हणाला.

आता शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर आम्ही दर सोमवारी सूचना लिहितो. लाईट कधी जाणार, एस. टी. ची वेळ बदलली का, लसीचा दिवस कोणता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी जाऊन सांगायचे काम चौथीच्या वर्गाकडे आहे. माझ्याकडे वरच्या आळीची सहा घरे आहेत. पालकांनो, तुमच्या शेजारी कुणी एकटे राहत असेल तर त्यांचे घर आम्हाला सांगा. आम्ही यादीत घालू.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्र. १७