बंदुकीचा धक्का आणि वाळूची पिशवी

कॉलेजात एन. सी. सी. मध्ये असताना आम्हांला पालथे पडून ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल चालवायला मिळाली. समोर वाळूची पिशवी, तिच्यावर डावा हात, आणि मागे हवालदारसाहेबांचा एकच घोष : “दस्ता खांद्यात घट्ट दाबा!” माझ्या शेजारच्या मुलाने भीतीपोटी दस्ता बोटभर लांब धरला. दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा जांभळासारखा झाला होता. जो धक्क्याला भ्याला त्यालाच तो अधिक का बसला? आणि वाळूच्या पिशवीने बंदूक स्थिर केली, मग धक्का का नाही कमी केला? दुसरा प्रश्न मला बरीच वर्षे सुटला नव्हता.

संवेग अक्षय्यतेचा नियम तुम्हांला पाठ आहे. चाप ओढण्यापूर्वी एकूण संवेग शून्य, म्हणून नंतरही शून्य. गोळी जेवढा संवेग पुढे नेईल तेवढाच बंदुकीला मागे मिळणार. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ११.३ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. गुणाकार करा : ८.४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. पण पाठ्यपुस्तके येथे एक गोष्ट सोडून देतात. काडतुसातली दारू जळून तिचा जो वायू होतो, तोही नळीतून बाहेर पडतो आणि गोळीपेक्षाही वेगाने पडतो. त्याचा संवेग धरला की बेरीज ११ च्या पुढे जाते. बंदूक ४ किलोची, म्हणजे ती सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येते. गतिज ऊर्जा सुमारे १६ ज्यूल.

आता खरी जड असामी पाहू. आफ्रिकेत हत्ती-रेड्यांच्या शिकारीसाठी १९५६ साली अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने .४५८ मॅग्नम नावाचे काडतूस काढले. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची हौस संपवली, हे उत्तमच झाले. गणिताला मात्र बंदी नाही.) गोळी ३२.४ ग्रॅम, वेग सुमारे ६४० मीटर. गोळीचा संवेग २०.७, वायूचा साधारण ५.४, एकूण २६.१. बंदूक ४.३ किलोची धरली तर तिचा मागे येण्याचा वेग ६ मीटरहून किंचित जास्त आणि ऊर्जा ७९ ज्यूल, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या जवळजवळ पाचपट. हा वेग किती? तीच बंदूक १.९ मीटर उंचीवरून, म्हणजे चांगल्या उंच माणसाच्या डोक्यापासून, दस्ता खाली करून सोडली तर जमिनीपाशी तिचा वेग एवढाच असेल. तशी ती खांद्यावर पडते अशी कल्पना करा.

हे ७९ ज्यूल कोठेतरी जिरवायचे असतात. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तीच युक्ती येथे आहे. ऊर्जा भागिले अंतर म्हणजे सरासरी बल. उभा राहून बार काढणाऱ्याचा खांदा, कंबर, गुडघे, सगळे थोडे थोडे मागे झुलतात. खांदा ६ सेंटिमीटर मागे गेला असे धरले तर बल सुमारे १३०० न्यूटन. पण निशाणा तपासताना माणूस टेबलाशी बसतो, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकतो, कोपरे रोवतो आणि छाती पुढे झुकवतो. आता कमरेवरचे शरीर झुलायला जागाच नाही. खांदा २ सेंटिमीटरच दबला तर बल होते ३९५० न्यूटन, तिप्पट! हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा खरी आहे. पिशवीने बंदुकीचे वजन पेलले आणि तिची थरथर थांबवली. धक्का मात्र आडवा येतो, आणि त्या दिशेला पिशवी काहीच अडवत नाही. पालथे पडल्यावरही तेच. सगळे शरीर बंदुकीच्या मागे सरळ रेषेत, हलायला वाव नाही.

माझ्या शेजाऱ्याची चूक निराळी होती. घट्ट धरलेल्या बंदुकीबरोबर खांद्याचे वस्तुमान पहिल्यापासून मागे सरकू लागते. सैल धरलेली बंदूक आधी आपला पूर्ण वेग घेते आणि मग हातोड्यासारखी येऊन आदळते.

पुढे झुकून बसण्यात आणखी एक धोका आहे. बंदुकीवर दुर्बीण बसवलेली असेल तर डोळा तिच्या फार जवळ जातो. बंदूक ५-६ सेंटिमीटर मागे आली की दुर्बिणीची धातूची कड भुवई फोडते. शिवाय नळीचा अक्ष खांद्याच्या वर असल्याने धक्क्याचे आघूर्ण तोंड वर उचलते. म्हणून टेकणावर ठेवलेल्या जड बंदुकीचा पुढचा लाकडी भाग डाव्या हाताने धरून ठेवावाच लागतो. नळी स्वतः टेकणावर ठेवायची नाही, आणि टेकण कठीण नको. गोळी नळीत असते सुमारे २ मिलिसेकंद. तेवढ्यात ही बंदूक जवळजवळ ५ मिलिमीटर मागे सरकलेली असते. कठीण लाकडावरून ती उसळते आणि निशाणा चुकतो.

यावर काहींनी तोड काढली ती लोखंडी चौकटीची. दस्त्यामागे अडसर आणि खाली शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या. कल्पना चांगली आहे. १० किलो वजन बंदुकीबरोबर सरकू लागले तर एकूण वस्तुमान १४.३ किलो, वेग १.८ मीटर आणि ऊर्जा ७९ वरून २४ ज्यूलवर येते. म्हणून लोक वाटेल तेवढे शिसे रचतात, आणि एके दिवशी दस्ता उभा चिरतो. का? गोळीला ढकलणारे सरासरी बल सुमारे १०,७०० न्यूटन, आणि तेवढेच बल नळी व यंत्रणेला मागे ढकलते. बंदूक मोकळी असेल तर १ किलोच्या दस्त्याला बरोबर न्यायला लाकडातून फक्त २,५०० न्यूटनच्या आसपास बल जावे लागते. पण दस्ता मागून भिंतीसारखा अडवला, की लाकडाला जवळपास सगळेच बल सोसावे लागते. मोकळे सोडले तर खांदा दुखतो, फारच जखडले तर लाकूड फुटते! चौकट थोडी सरकेल एवढेच वजन ठेवणे हा मधला मार्ग.

माझ्या मते त्याहून चांगला उपाय साधा आहे. टेकण उंच करावे, इतके की उभे राहून बार काढता येईल. आफ्रिकेतले शिकारी तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक टेकून उभ्यानेच बार काढतात. हाताला आधार मिळतो आणि कंबर झुलायला मोकळी राहते. दस्त्याला जाड रबराची गादी, कानांना बोळे किंवा झाकणे, आणि एका बैठकीत थोडेच बार. धक्क्याची धास्ती एकदा अंगात शिरली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात.

आता एक हिशेब तुम्ही करा. एन. सी. सी. मधल्या .२२ रायफलीची गोळी २.६ ग्रॅमची आणि वेग ३३० मीटर धरा. बंदूक ३.६ किलोची घ्या, वायू सोडून द्या. ऊर्जा ज्यूलच्या दहाव्या भागाच्या आसपास यायला हवी. नवख्या मुलांच्या हाती आधी हीच रायफल का देतात, ते त्या आकड्यावरून कळेल.