विरघळणारं सेंटरिंग

स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग किती दिवसांनी काढायचं? सिव्हिलवाले लगेच सांगतील: आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंत टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबला १४ दिवस. आधी काढलं तर स्लॅब बसलाच म्हणून समजा!

हाच प्रश्न शरीरातही येतो. भाजल्याची किंवा मधुमेहींच्या पायाची मोठी जखम भरायला नव्या पेशींना आधार लागतो. असा कृत्रिम आधार म्हणजे स्कॅफोल्ड. निसर्गात हे काम कोलॅजनचे तंतू करतात, जाडी साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर.

आपण वऱ्हाडातले, तंतू म्हटलं की कापूसच आठवणार. पण अकोल्याच्या जिनिंगमधल्या कापसाचा तंतू १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ पेशीएवढाच जाड. शिवाय कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि ते तोडणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. आत राहिला तर राहिलाच.

म्हणून इलेक्ट्रोस्पिनिंग. फॉर्महाल्सने १९३४ मध्ये याचं पेटंट घेतलं. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण भरायचं, सुईला १० ते २० किलोव्होल्ट द्यायचे. थेंबातून बारीक धार निघते, द्रावक हवेत उडून जातो आणि समोरच्या प्लेटवर जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखी जाळी जमते.

आता खरी गोम. पॉलिमर कोणता? पाण्याने साखळ्या तुटून ५०:५० पीएलजीए एक-दोन महिन्यांत संपतो, पीसीएलला दोन वर्षंही लागतात. आधार लवकर गेला तर नवी ऊती कोसळते, फार राहिला तर तिलाच अडचण. पीएलजीए तुटताना आम्ल सुटतं, एकदम जास्त सुटलं तर सूज येते.

आणखी एक गंमत. व्हिक्रिलचा विरघळणारा टाका नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात, पण चौथ्या आठवड्यात त्याची ताकद पावच उरते. म्हणजे सेंटरिंग उभं दिसतं, पण भार घेत नाही! डिझाइन करताना वजन किती उरलं यापेक्षा ताकद किती उरली हे बघावं लागतं. याच टाक्याचा पॉलिमर वापरलेल्या 'रेस्ट्राटा' या नॅनोफायबर जाळीला अमेरिकेत २०१७ मध्ये जखमांसाठी मान्यता मिळाली.

यात केमिकलवाल्यांना पॉलिमर आहे, इलेक्ट्रिकलवाल्यांना हाय व्होल्टेज, मेकॅनिकलवाल्यांना स्ट्रेंथ टेस्टिंग. आपण टिकाऊ वस्तू बनवायला शिकतो. वेळेवर निघून जाणारी वस्तू बनवणं मात्र त्याहून कठीण आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? मग विचार करा!